लीलंड कुचेराचा डावा पाय आणि बाकीची मालमत्ता

मी, लीलंड अँटन कुचेरा, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा मोटारी विकणे, आता निवृत्त, राहणार पाचवा रस्ता, हार्लन फोर्क, राज्य नेब्रास्का, हे माझे अखेरचे इच्छापत्र पूर्ण शुद्धीवर असताना, स्वखुशीने लिहून ठेवत आहे. याआधीचे इच्छापत्र रद्द समजावे. ते मोटारींच्या दुकानाच्या मालकाने आपल्या वकिलाकडून करवून आणले होते आणि मी न वाचता त्यावर सही केली होती. "कोणाच्याही दडपणाखाली न येता" हे शब्द घालावेच लागतात, असे माझ्या वकीलबाई फिलिस ओडेगार्ड म्हणाल्या. घातले. मग त्या शब्दांकडे मी बराच वेळ बघत बसलो.

हे आताच लिहिण्याचे कारण असे की येत्या गुरुवारी ओमाहाच्या इस्पितळात माझा डावा पाय गुडघ्याच्या वरून कापायचा आहे. आतल्या लोखंडी कांबीभोवती हाड सडले आहे. माझे हृदयही धड नसल्यामुळे भुलीतून मी उठेनच, असे डॉक्टरीणबाई छातीठोकपणे सांगत नाहीत.

१. घर. पाचव्या रस्त्यावरचे माझे राहते घर, अंगण आणि मागच्या शेडसह, माझी मुलगी कॉरिन हिला द्यावे. कॉरिन, तू इथे राहायला येऊ नकोस. घर विकून टाक. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कॉलेजच्या मैदानाचे दिवे दिसतात, आणि सामन्याच्या शनिवारी लोक त्यांच्या गाड्या आपल्या अंगणातल्या हिरवळीवर लावून दार वाजवतात. "लीलंड, नुसता हात दाखव रे! पोरांना सांगितलंय, तू इथेच राहतोस." हात दाखवल्याशिवाय ते जात नाहीत. ज्यांना फुटबॉल आवडत नाही असे गिऱ्हाईक मिळाले तर बघ. या तालुक्यात मिळणे अवघड आहे.

२. जेवणाचे अक्रोडी टेबल तुझ्या आईला, मार्लीनला, टूसनला पाठवून द्यावे. ते तिनेच निवडले होते. घर सोडताना ती म्हणाली होती, "मी लग्न केलं माणसाशी, पण रोज संध्याकाळी जेवायला बसतो तो पुतळा." तिचे चुकले नव्हते. पुतळा दिवसभर दुकानाच्या दारात उभा असायचा. माझाच, पुठ्ठ्याचा, एकवीस वर्षांचा, आणि मी त्याच्या शेजारी म्हातारा होत होतो. गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि मग म्हणायचे, "अजून तसाच दिसतोस!"

३. डावा पाय. पाय कापल्यावर जाळावा. आतली कांबही त्याच्याबरोबर जाऊ द्यावी. कोणाच्याही हाती पडू देऊ नये. हे लिहावे लागते, कारण मागच्या महिन्यात कॉलेजच्या स्मारक समितीचे ब्रूस हॅनाफिन घरी आले होते. बायकोने केलेले कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, घेऊन आले होते. चांगले होते.

"लीलंड, एक विचारू का? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"ती कांब... म्हणजे, काढल्यावर तुला काही तिचा उपयोग नाही. आपल्याकडे काचेचं कपाट आहे. तुझी जर्सी आहेच त्यात. तिच्याखाली ठेवली असती."

"मग मलाच ठेवा ना कपाटात. पायासकट."

ते हसले. मी गंमत करतोय असे त्यांना वाटले. समितीला माझी जर्सी, पुठ्ठ्याचा पुतळा आणि मागच्या शेडमधल्या सगळ्या ढाली घेऊन जाऊ द्याव्यात. कांब नाही.

४. भूगर्भशास्त्राचे माझे हातोडे, छिन्न्या, भिंग आणि शेडमधल्या दगडांच्या पेट्या इथल्या हायस्कूलच्या विज्ञान शिक्षिकेला द्याव्यात. हातोडे कोरे आहेत. असे का, ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

मी हार्लन फोर्क कॉलेजच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक होतो. चेंडू माझ्या हातात यायचा आणि तो कोणाकडे, कधी आणि किती लांब फेकायचा हे मी ठरवायचो. माझ्यापुढे वाकून उभा असायचा आमचा सेंटर, वेंडेल हाउसर. मी हाक दिली की तो दोन पायांमधून चेंडू मागे माझ्या हातात द्यायचा आणि मग स्वतःच्या अंगाची भिंत करून समोरच्यांना थोपवायचा. तिसऱ्या वर्षी, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरात, ओल्या मैदानावर दोन जण त्या भिंतीला वळसा घालून आले. चेंडू माझ्या हातून सुटला होता. ते माझ्या पायावर पडले. वेंडेलने त्यांना धान्याच्या पोत्यांसारखे उचलून बाजूला टाकले, खाली बघितले, आणि डोक्यावरचे शिरस्त्राण काढून माझ्या नडगीवर धरले. मला दिसू नये म्हणून. "वर बघ, लीलंड," एवढेच तो म्हणत राहिला. "वरती ढग बघ."

रक्तवाहिनी तुटली होती. पाय तेव्हाच कापायचा होता. तरुण आहे म्हणून डॉक्टरांनी कांब घालून बघितली. त्या हिवाळ्यात मी इस्पितळात पाठीवर पडून छताकडे बघत होतो, आणि कोणाला पटणार नाही, पण मला बरे वाटत होते. पहिल्यांदाच शनिवार मोकळा होता. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक पुस्तके आणून द्यायचे. एकदा ते म्हणाले, "पुढच्या शरद ऋतूत आमची तुकडी अलास्काला जातेय. सामान मोजायला आणि नमुन्यांवर चिठ्ठ्या लावायला माणूस हवाय. लंगडा चालेल." कॉरिन, मी त्याच आठवड्यात हातोडे मागवले.

मग माझे वडील आले. अँटन कुचेरा, गावात त्यांचे बेकरीचे दुकान होते.

"बाबा, मी परत खेळणार नाही."

त्यांनी आधी दार लावून घेतले. "हळू बोल."

"अलास्काला जायचंय मला. दगडांच्या कामावर."

"दगडांच्या?" त्यांनी खिडकीचा पडदा सरकवला. "हे बघ. गावातले लोक बर्फात उभे आहेत, तुझ्यासाठी. मेणबत्त्या घेऊन. म्हाताऱ्या बायका आहेत त्यात. तू जा आणि सांग त्यांना, मला दगड गोळा करायचेत म्हणून."

"मला चालता येत नाही, बाबा."

"तेच म्हणतोय मी. आधी चालायला लाग. मग बोलू."

मी चालायला लागलो. कुबडीवर पहिल्यांदा बेकरीपर्यंत गेलो तेव्हा रस्त्यावरच्या दुकानांतली कामे थांबली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या लेखी मी मैदानावर परतलोच होतो; मला विचारायची गरज कोणालाच वाटली नाही. वेंडेल मला रोज सकाळी मैदानावर न्यायचा, आणि सप्टेंबरात अलास्काची तुकडी माझ्याशिवाय गेली.

५. माझ्या जागी खेळत होता माझा धाकटा भाऊ डेल. हे गाव विसरले आहे, म्हणून इथे कायद्याच्या कागदावर लिहितो: डेल माझ्यापेक्षा चांगला होता. माझा हात ताकदीचा होता. त्याचे डोळे चांगले होते. कोण मोकळा आहे हे त्याला आधी दिसायचे. तो सामन्यामागून सामने जिंकत होता आणि हंगामाचा शेवटचा सामना राहिला होता. त्या आठवड्यात मी कोच बॉइड स्ट्रंक यांच्या खोलीत गेलो. वडीलही तिथे बसलेले होते.

"कोच, डेललाच राहू द्या. तो चांगला खेळतोय. माझा पाय अजून माझा नाही."

"डेल उत्तम खेळतोय," कोच म्हणाले. "पण शनिवारी इतकी माणसं डेलला बघायला येत नाहीयेत."

"मला नकोय हे."

"तुला काय हवंय ते आता कोण विचारतंय, पोरा?" ते रागाने बोलले नाहीत. त्यांना माझी दया येत होती असे मला वाटते.

बाहेर आल्यावर वडिलांनी माझा दंड धरला. "हे डेलला कळता कामा नये. भावानं भीक घातली असं वाटेल त्याला. जन्मभर."

मी कबूल झालो. शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत कोचने डेलला सांगितले, "तू बाहेर बस." डेलने शिरस्त्राण बाकावर ठेवले आणि मी जवळून जाताना म्हणाला, "जा. घे सगळं. तुझंच तर आहे." माझ्या पायात बधिर करणारी सुई टोचलेली होती, गुडघ्याखाली काही जाणवत नव्हते. पाय आहे की नाही हे मी खाली बघून ठरवत होतो.

पुढचे सगळ्यांना तोंडपाठ आहे. आम्ही मागे होतो, वेळ संपत आला होता, वेंडेलने चेंडू दिला आणि तिघांना अंगावर घेतले, मी फेकला, तो पोचला, आम्ही जिंकलो. लोक कठडे ओलांडून आत आले. मला खांद्यावर घेतले. ज्याने डावी बाजू उचलली त्याने नेमका मोडलेल्या जागी हात घातला होता, आणि सुईचा अंमल उतरला होता. मी "खाली ठेवा, खाली ठेवा" असा किंचाळत होतो. त्या क्षणीचा फोटो बँकेत आहे, केशकर्तनालयात आहे, दुकानातला पुतळा त्यावरूनच केला. त्यात मी आनंदाने ओरडतो आहे, असे गावाला वाटते. माझी विनंती आहे की अंत्यविधीच्या पत्रिकेवर तो फोटो छापू नये.

डेलने त्या हिवाळ्यात कॉलेज सोडले. नदीपलीकडे राहतो, शेतांना पाणी देणारी यंत्रे दुरुस्त करतो. मला मोटारींच्या दुकानात नोकरी मिळाली, आणि दर वर्षी त्या सामन्याच्या दिवशी मला मैदानाच्या मधोमध उभे करून टाळ्या वाजवल्या. एकदा मी ताप आल्याचे कारण सांगितले. त्यांनी घरी रुग्णवाहिका पाठवली.

६. वेंडेल हाउसर. वेंडेल शुश्रूषागृहात असतो. इतक्या वर्षांच्या टकरींनी त्याचे डोके धुक्याने भरले आहे; बायकोला तो कधी ओळखतो, कधी नाही. मी रविवारी जातो. मला बघितले की तो खुर्चीतून उठतो, पाय फाकवून वाकतो, खुर्चीची उशी जमिनीवर दाबून धरतो आणि थांबतो. मी हाक देईपर्यंत. हाक दिली की उशी मागे माझ्या हातात येते, मग तो सरळ होतो, खाली बसतो आणि आम्ही पीचचा केक खातो. एकदा बर्फामुळे मला उशीर झाला होता. टीव्हीत माझा फोटो दिसला म्हणून तो आधीच वाकून बसला होता. नर्सने समजावले, बायको रडली, पण तो हलला नाही. मी पोचलो तेव्हा त्याची मान घामाने भिजली होती.

माझा रेडिओ आणि लोकरी कोट वेंडेलला द्यावा. पण त्याची खरी गरज ती नाही. कोणीतरी जाऊन त्याला हाक द्यायला हवी. त्याला तसे वाकलेले ठेवून मला जाता येत नाही. वेंडेलने दोनच माणसांच्या हाकेवर चेंडू दिला आहे. त्यांतला एक मी.

७. माझा भाऊ डेल कुचेरा याला मी काहीही ठेवत नाही. याचा कोणी भलता अर्थ काढू नये. फिलिसबाईंनी सांगितले की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी, आणि मला त्याची सही हवी आहे. मंगळवारी त्याला फोन केला. वडिलांच्या दफनानंतर पहिल्यांदाच.

"कोण मेलं?" तो म्हणाला.

"अजून कोणी नाही."

"मग फोन कशाला केलास?"

"इच्छापत्र करतोय. साक्षीदार हवाय."

"मला काय ठेवलंयस?"

"काही नाही. ठेवलं तर सही चालत नाही."

त्याच्या मागे कुठेतरी यंत्र फिरत होते. मग तो म्हणाला, "साक्षीदारानं आतलं वाचायचं नसतं म्हणतात."

"वाचायचं नसतं."

"मी वाचल्याशिवाय सही करत नाही."

"वाच," मी म्हणालो.

तर डेल, तू इथपर्यंत आला असशील तर पाचवे कलम तुझ्यासाठी आहे. सहावे पण. तू नाही म्हणालास तर मी समजून घेईन.

८. बाकी जे काही उरेल ते कॉरिनला. इच्छापत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. माझे दफन वडिलांच्या शेजारी करू नये. थोडे अंतर सोडावे. थडग्यावर माझे नाव आणि दोन साले असावीत. चेंडूचे चित्र नको. समितीने आग्रह केला तर कॉरिनने दार लावून घ्यावे. तिला ते जमते. माझ्याकडून ती हे शिकली नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर, तेही एकमेकांसमोर हजर असताना, त्यावर सही केली.

लीलंड अँटन कुचेरा (सही)

हार्लन फोर्क, नेब्रास्का
दिनांक २२ ऑक्टोबर २०२१

साक्षीदार पहिली: अर्लीन व्होबोरिल, वकीलबाईंच्या कचेरीतील कारकून (सही)

साक्षीदार दुसरा: डेल जोसेफ कुचेरा (सही)

दुसऱ्या साक्षीदाराने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिले आहे. इच्छापत्राला त्याने बाधा येत नाही, म्हणून खोडलेले नाही. — फि. ओडेगार्ड

"सगळं वाचलं. वेंडेलकडे रविवारी जाईन. तू कोचकडे गेला होतास हे मला माहीत आहे, बाबांनी शेवटच्या आजारात सांगितलं. तू कधी सांगतोस, त्याची वाट बघत होतो. डेल."