खरंखुरं लग्न

प्रिय ज्ञानदा,

नाशिकला थंडी पडली असेल, स्वेटर घाल, वेळेवर जेव, हे सगळं आधीच लिहून टाकतो, म्हणजे बापाचं कर्तव्य संपलं आणि मला मूळ गोष्टीकडे वळता येईल. गोष्ट फोनवर सांगता आली नसती. मेळाव्याचं नाव काढलं की तू ‘बाबा, तो विषय नको’ म्हणून फोन ठेवतेस. शिवाय सांगताना मला हसू आवरलं नसतं. पत्र फाडू नकोस, निदान पान उलटेपर्यंत तरी.

तर परवा रविवारी फुलपाड्याच्या हॉलमध्ये आपल्या मंडळाचा वधू-वर मेळावा झाला. माईक अर्थातच तुझ्या आईकडे. इतकी वर्षं स्टेजवरून मुलामुलींची ओळख करून देऊन तिचा आवाजच तसा झाला आहे. मध्यंतरी भाजीवाल्याकडे दुधी उचलून बघत होती, मला वाटलं आता ‘गोरा, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ म्हणते की काय. मी नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत, वड्यांच्या वासावर लक्ष ठेवून.

मेळाव्याची भाषा तुला ठाऊक आहे. ज्या गोष्टीचं नाव आपल्या घरात कधी कोणी घेतलं नाही, तिच्याभोवती आपल्या लोकांनी केवढे शब्द जमवून ठेवलेत! सोज्ज्वळ, घरंदाज, निष्कलंक. लग्न मोडलेल्या मुलीसाठी तर खास शब्द आहे, नाममात्र घटस्फोटित. म्हणजे अक्षता पडल्या, पण पुढे ‘तसं काही’ झालं नाही. अर्थ सगळ्यांना कळतो आणि सगळे पंख्याकडे बघतात. मी साठी ओलांडलेला माणूस, एका मुलीचा बाप, तरी एवढं लिहिताना माझे कान गरम झालेत. मुलग्यांसाठी मात्र असला शब्द वापरलेला मी कधी ऐकला नाही. त्यांचं मोडलं की ते नुसते घटस्फोटित, आणि पुढे पगार.

मंडळाच्या यादीत तुझ्या नावापुढे आईने तो शब्द लावला तेव्हा तिला वाटलं होतं, आपण पोरीवर पांघरूण घातलं. गणपतीत घरी आल्यावर तुला ते कळलं. ‘दीड वर्ष मी त्या घरात संसार केला, माझा जीव होता त्याच्यावर, नंतर नाही पटलं, आणि तू ते सगळं पुसून मला परत कोरी करून दाखवायला निघालीस,’ असं तू आईला म्हणालीस. तो शब्द असेपर्यंत या घरात पाय ठेवणार नाही म्हणालीस आणि ताटातले मोदक तसेच टाकून गेलीस. तेव्हापासून आई तुझा विषय काढत नाही, मला काढू देत नाही. शेजारी विचारतात, लेक येत नाही का हल्ली. मी ऑफिसात काम फार आहे म्हणतो. आता तेही कोणाला पटत नाही.

तर मेळाव्यात दुपारी रेवा नावाची मुलगी स्टेजवर आली. इथल्याच नालासोपाऱ्याची, बँकेत नोकरीला. आईने वाचलं, ‘नाममात्र घटस्फोटित’. पोरीची मान खाली गेली. हॉलमध्ये गलका होता, म्हणून तिची आई पहिल्या रांगेतून ओरडली, “तेवढं परत वाचा ना ताई, मागे ऐकू गेलं नाही!” आणि तुझ्या आईने माईक तोंडापासून दूर नेला. मी उठून उभा राहिलो, म्हटलं हिचं बीपी वाढलं. तिने त्या मुलीकडे नीट बघितलं. मग म्हणाली, “रेवाला पोहायला आवडतं,” आणि कागद पालथा ठेवला.

पुढचा नंबर सुजय नावाच्या मुलाचा. घटस्फोटित, एवढंच लिहिलेलं. आई वाचता वाचता थांबली आणि भर माईकवर तिने त्याला विचारलं, “नाममात्र, की खरंखुरं?” चुकून विचारलं की मुद्दाम, ते ती अजून मला सांगत नाही. आधी बायका हसल्या, मग सगळा हॉल. अध्यक्ष धोतर सावरत स्टेजकडे धावले. सुजय बिटासारखा लाल झाला, पण पळाला नाही. “खरंखुरं होतं काकू,” म्हणाला. “बरीच वर्षं चांगलंही होतं.”

ज्ञानदा, तेव्हा तुझी आई बोलली ते मी जसंच्या तसं लिहितो. “माझ्या मुलीचंही खरंखुरंच होतं. तिच्या नावापुढे मी खोटं लिहिलं, ते आज काढते आहे. ज्यांना चालणार नाही त्यांनी फोन करू नये. आता जेवणाची सुट्टी.” एवढ्या टाळ्या मी त्या हॉलमध्ये कधी ऐकल्या नव्हत्या. मला तर रडूच आलं, लोकांना वाटलं आधीच चोरून वडा खाल्ला, मिरची लागली. अध्यक्षांनी पुढच्या वर्षी माईक दुसऱ्याला देऊ असं सुनावलं. आई म्हणाली, खुशाल द्या, मला एकदा तरी वडा गरम मिळेल. आणि सुजयचं स्थळ सुचवायला मी हे लिहीत नाही बरं का. जेवताना त्याच्या टेबलाभोवती मुलींच्या आयांची ही गर्दी होती, तुझा नंबर लागला नसता.

लिहायचं कारण निराळंच आहे. काल सकाळी आईने माळ्यावरून तुझ्या लग्नाचा अल्बम काढला, पुसला आणि चहा गार होईपर्यंत बघत बसली. मग मला विचारायला लागली, अहो, तिकडे सकाळचा चहा कोण करायचं? तो तिला काय नावाने हाक मारायचा? ती दोघं रविवारी कुठे जायची? लग्न का मोडलं ते आम्ही तुला शंभरदा विचारलं, ते होतं कसं ते एकदाही विचारलं नाही. ती स्वतः फोन करायची नाही, तिचा ताठा तुला माहीत आहे. म्हणून मी लिहितो. येत्या शनिवारी घरी ये. आईला तुझ्या संसाराबद्दल ऐकायचं आहे, चांगलं होतं ते आधी. मलाही.

वाट बघणारा, तुझाच
बाबा