मास्तर नापास

सोमवार, ४ मार्च

भाऊजी,

नमस्कार. मी बरी आहे. तुम्हीही बरेच असणार, नेहमी असताच. मुलांची खुशाली तुम्हाला विचारत नाही, कारण दर शनिवारी ती इथे निवाऱ्यात कुत्री बघायला येतात तेव्हा स्वतःच सांगतात. ढब्बूचा पुढचा दात पडला हे तुम्ही नाही कळवलंत, त्याने तोंड उघडून दाखवलं.

तुमचं पत्र आणि कुत्रं मिळण्यासाठी भरलेला फॉर्म हातात आला. फॉर्मचं पुढचं पान वाचलं, तेवढंच पुरे झालं. 'कुत्रं कशासाठी हवं?' यापुढे तुम्ही लिहिलंय, 'शाळा सुटल्यापासून मी दुकानातून येईपर्यंत मुलांना सोबत.' वा! नऊ वर्षांची पोरगी आणि पाच वर्षांचा पोरगा रोज अडीच तास एकटे असतात, आणि त्यावर तुम्हाला सुचलेली सोबत चार पायांची. अख्ख्या गावाला चष्मे देता, जरा स्वतःच्याही नाकावर एक चढवा.

आता तुम्ही मासिकातून कापून पाठवलेल्या त्या यादीबद्दल. लॅब्राडोर मुलांवर जीव टाकतो म्हणता. टाकतो ना, चोरावरही टाकतो. पण पहिली दोन वर्षं तो सोफा, चपला, दप्तर, जे मिळेल ते कुरतडतो आणि त्याला रोज तासभर पळवावं लागतं. तुम्हाला दुसऱ्या मजल्यावर धाप लागते. गोल्डन रिट्रीव्हर स्वभावाने सोनं, पण त्याला आठवड्यातून तीनदा विंचरावं लागतं आणि तुम्हाला ठमीचा भांग अजून सरळ काढता येत नाही. बीगलला वास लागला की त्याचे कान बंद होतात. दार उघडं राहिलं तर तो गल्लीच्या टोकाला आणि त्याच्यामागे ढब्बू. जर्मन शेफर्ड हुशार, पण त्याला कामाला लावणारं माणूस घरात लागतं, नाहीतर तो मुलांनाच मेंढरांसारखा वळत बसतो. पग तुम्हाला शोभेल. दिवसभर एका जागी बसून घोरतो.

जात बघून कुत्रं घेणं म्हणजे फ्रेम बघून चष्मा घेण्यासारखं आहे. काच कुठल्या नंबराची आहे ते कोण बघणार? ते बघायला इथे मी आहे. अकरा वर्षं हेच करते.

मुलांनी मास्तर निवडलाय, हे तुमच्या कानावर आलंच असेल. जात कुठलीच नाही, मिशा पांढऱ्या, आणि बसतो असा की वर्ग गप्प व्हायची वाट बघतोय. ढब्बू त्याला पाढे म्हणून दाखवतो. परवा शनिवारी मी त्याची चाचणी घेतली. पद्धत सांगून ठेवते, म्हणजे मागून शंका नकोत. काठीच्या टोकाला रबरी हात असतो. कुत्रा खात असताना त्या हाताने थाळी ओढायची, मग शेपूट, पंजे, कान, लहान मूल ओढेल तसे ओढायचे. थाळीला मास्तर काही बोलला नाही, शेपटीलाही नाही. कानाला हात लागला तसा गुरगुरला आणि त्याने रबरी बोटं तोंडात धरली. मास्तर नापास. शेरा लिहिला, 'लहान मुलं असलेल्या घरी देऊ नये.' ठमी जाळीपलीकडे उभी होती. माझ्यावर विश्वास नसेल तर तिला विचारा.

घाई करू नका. योग्य कुत्रं मिळेपर्यंत मुलांना शनिवारी पाठवत राहा. वर्ष लागलं तरी चालेल.

मुलांची मावशी


सोमवार, ११ मार्च

भाऊजी,

परवा मी दोन तास फाटकाशी उभी होते. मुलं आली नाहीत, तुमची चिठ्ठी आली. म्हणे, 'ठमी यायला नाही म्हणते, कारण सांगत नाही.' नऊ वर्षांची पोर नाही म्हणते आणि तुम्ही ऐकता? ताई गेली तेव्हा हीच पोर आई हवी म्हणत होती, तेव्हा कुठे गेले होते तुमचे कान? काउंटरमागे बसून दिवसभर त्याच त्या काचा पुसत होतात. आठ महिने मुलं माझ्या दोन खोल्यांत राहिली. शाळा मी केली, ताप मी काढले, ढब्बूच्या ओल्या गाद्या मी वाळवल्या. आणि एका रविवारी तुम्ही टेम्पो घेऊन उगवलात. कपडे नेलेत, दप्तरं नेलीत, बेसिनवरचे टूथब्रशसुद्धा नेलेत. ब्रशांचा रिकामा पेला तेवढा माझ्यासाठी ठेवलात. तो मी अजून धुते.

तेव्हापासून माझ्याकडे शनिवार आहे. आता तोही काढून घ्या.

मास्तरबद्दल चिठ्ठीत पुन्हा विचारलंत, म्हणून एकदाच सांगते. नापास कुत्रा मागच्या रांगेत जातो. तिथे त्याला तीन आठवडे कुणी मागितलं नाही तर डॉक्टर येऊन इंजेक्शन देतात. तो नियम आहे, मी केलेला नाही. मुलांना यातलं काही सांगू नका.

मावशी


सोमवार, १८ मार्च

भाऊजी,

हे पत्र मुलांना वाचून दाखवू नका, असं लिहिणार होते. ठमीला दाखवा.

तिचं पाकीट बुधवारी आलं. वरचा पत्ता तुमच्या अक्षरात आहे, म्हणजे आतलं तुम्ही वाचलं असेल किंवा नसेल. आत वहीचा फाडलेला कागद होता आणि एकच ओळ. 'मावशी, मास्तरचा कान दुखतो हे तूच मला सांगितलं होतंस.'

सांगितलं होतं. चाचणीच्या आदल्या शनिवारी मी त्याच्या कानात औषधाचे थेंब घालत होते आणि ठमीने त्याचं डोकं धरलं होतं. कान आतून लालबुंद होता. मी तिला म्हटलं, "या कानाला हात नाही लावायचा हं, त्याला कळ येते. दुसरा कुरवाळ." आठ दिवसांनी तोच कान मी रबरी हाताने ओढला. खरं लिहायचं तर पिळला. आजारी कुत्र्याची चाचणी घ्यायची नाही हा आमचा पहिला नियम, आणि नव्या माणसांना तो मीच शिकवते. मास्तरने चावा घेतला असता तरी त्याची चूक नव्हती. त्याने बोटं नुसती धरली आणि सोडून दिली. रबरावर दाताची खूणही उमटली नाही. ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी शेरा लिहिला. आणि वर ठमीलाच साक्षीदार केलं.

का, तेही ऐका. कुत्रं तुमच्या घरी गेलं असतं तर मुलांना इथे यायचं कारण संपलं असतं. बस, इतकंच. त्यासाठी मी त्या म्हाताऱ्या जिवाला मागच्या रांगेत ढकललं, आणि घरी जाऊन जेवलेही. मला माझी लाज वाटते. पण तुमच्यापुढे मान खाली घालते आहे असं समजू नका. ती घालायची आहे ठमीपुढे.

गुरुवारी व्यवस्थापकबाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तुमच्याच दुकानातला.

"अकरा वर्षांत असं किती वेळा केलंस?"

"एकदाच."

"हे मी आता कशावरून मानू?"

चाचण्या माझ्याकडून काढून घेतल्या आहेत. आजपासून मी पिंजरे धुते.

आज सकाळी डॉक्टरांनी मास्तरचा कान तपासला, बरा झालाय. मग बाईंनी स्वतः रबरी हात घेतला आणि थाळीपासून सुरुवात केली. दोन्ही कान ओढले, शेपूट ओढली, पंजा दाबला. मास्तरने रबरी हात चाटला. मी झाडू घेऊन कोपऱ्यात उभी होते. मला बघून तो शेपूट हलवत आला, तेव्हा मी बादली उचलून बाहेर गेले.

मास्तर पास. रविवारी घेऊन जा. कानाचं औषध अजून आठवडाभर घालायचं आहे, ठमीला येतं. पहिले काही दिवस ढब्बूला त्याच्या थाळीशी जाऊ देऊ नका. आणि कुत्रा कितीही गुणी असला तरी घरात मोठं माणूस नसताना मुलं त्याच्या भरवशावर सोडायची नसतात. हे मी त्या यादीबरोबरच लिहायला हवं होतं. चिडण्यात राहून गेलं.

आता शेवटचं. कागदपत्रं पुरी करायला बाईंनी तुमचा फॉर्म माझ्यापुढे टाकला, आणि मागचं पान मी आज पहिल्यांदा वाचलं. 'मुलांबरोबर आणि कुत्र्याबरोबर घरात मोठं माणूस कोण असेल?' त्यापुढे तुमच्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, 'मुलांची मावशी. तिची सुट्टी चारला होते. घराची एक किल्ली तिच्याकडे असेल.' तारीख फेब्रुवारीची.

तोंडाने सांगायला काय झालं होतं, भाऊजी? आधी मला विचारायचं, मग लिहायचं, एवढंही सुचू नये? टूथब्रश नेतानाही तुम्ही असेच गप्प होतात. तुमच्या या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो, आणि तो मी सोडणार नाही. एक शब्द बोलला असतात तर मास्तरचा कान कुणी पिळला नसता. तसं लिहिलं खरं, पण पिळला तो मी. तुम्ही नाही.

त्या ओळीखाली माझी सही लागते. ती मी केलेली नाही. फॉर्म सोबत पाठवते आहे. ठमीला मागचं पान वाचायला द्या आणि तिला विचारा, मी घरात चालेन का. तिला समजावू नका, माझी बाजू तर मुळीच घेऊ नका. ती नाही म्हणाली तर माझं नाव खोडा आणि दुकान लवकर बंद करा.

पत्राखाली 'मुलांची मावशी' लिहायची मला सवय आहे. आज ती जागा मोकळी ठेवते.