शिक्षिकेचा कोरा रकाना

४ नोव्हेंबर
सरावासाठी शाळा मिळाली! लक्ष्मी ताल तळ्याजवळची, मुलींची, हिंदी माध्यमाची, इयत्ता सहावी. धडा विज्ञानाचा — ओलं कसं वाळतं. म्हणजे तासभर ‘पानी, पानी’. आणि माझं ‘प’वर अडतं. ‘ब’वर, ‘भ’वरही. लहानपणापासून. घरी कमी, वर्गासमोर तर विचारूच नका!
बाबा म्हणाले, “देविका, बी.एड. कर, पण नोकरी ऑफिसातली बघ, बेटा. मुलं चिडवतात.”

५ नोव्हेंबर
ठरलं. ‘पानी’ म्हणायचंच नाही. ‘जल’ म्हणायचं!

७ नोव्हेंबर
‘जल’ म्हटलं आणि सगळा वर्ग फिदीफिदी. पहिल्या बाकावर रामसखी बसते — दोन वेण्या, तोंडाळ. म्हणाली, “दीदी, मंदिर में आ गए का?” मीही हसले. मग ‘भाप’ आलं, म्हणजे वाफ. भ... भ... घंटा झाली म्हणून सुटले.

१० नोव्हेंबर
युक्ती! पाठाच्या आराखड्यात दोन रकाने असतात — शिक्षिका काय करेल, विद्यार्थिनी काय करतील. पहिला जवळजवळ कोरा ठेवला. ओले रुमाल वाटायचे, फळ्यावर एकच प्रश्न लिहायचा — लवकर कुठे वाळेल? बाकी बोला तुम्हीच.

१२ नोव्हेंबर
कमाल झाली! मुली अंगणात पळाल्या. कुणी रुमाल उन्हात टाकला, कुणी जिन्याखाली, रामसखीनं गरागरा फिरवला. मग कडाक्याचं भांडण — ऊन वाळवतं की हवा? मी गप्प.
अध्यापनशास्त्राच्या सुहासिनी मॅडम मागे बसून बघत होत्या. आमच्यासारख्याच घरी मराठी बोलणाऱ्या, म्हणून माझ्याशीही मराठीतच. “अगं, हाच तो ज्ञानरचनावाद! मूल स्वतःच शोधतं, शिक्षक मध्ये तोंड घालत नाही. केवढा संयम तुझा!”
संयम!! घरी येऊन उशीत तोंड खुपसून हसले.

१४ नोव्हेंबर
माझा आराखडा मॅडमनी कॉलेजात सगळ्यांना वाटला. ‘नमुना पाठ’ म्हणे!

१९ नोव्हेंबर
मॅडमनी बोलावलं. परीक्षेच्या पाठाला बाहेरचे परीक्षक येणार. “मुलींनी शोधलं ते छान. पण शेवटी ते सगळं कुणी जोडून द्यायचं? शिक्षिकेच्या रकान्यात तू दिसत नाहीस.”
मी आराखड्याची घडी घालायला लागले.
“अडखळलीस तर अडखळ,” त्या म्हणाल्या. म्हणजे ठाऊक होतं! कधीपासून, कोण जाणे.

२५ नोव्हेंबर
रुमालांचा भाग झकास झाला. मग उभी राहिले. “प... प... प...” परीक्षकांनी घड्याळ बघितलं. कानशिलं तापली. रामसखी हनुवटीखाली हात ठेवून म्हणाली, “दीदी, हम इतईं बैठे हैं. आराम से कहो.”
इथेच बसलोय म्हणे! मग सांगितलं. ऊन काय करतं, वारा काय करतो, पाणी हवेत कसं मिसळतं — अडत अडत, पण सगळं!
परीक्षक जाताना म्हणाले, “पाठ अच्छा है. पर वाणी का क्या करेंगी?” गुण बेताचेच.

२६ नोव्हेंबर
वाणी का क्या करेंगी. वाणी का क्या करेंगी. सकाळपासून तेच डोक्यात.
बाबांनी बँकेच्या परीक्षेच्या क्लासची चौकशी केली. ‘हो’ म्हटलं.

३० नोव्हेंबर
आईबरोबर महालक्ष्मीच्या दर्शनाला गेले होते. देवळामागच्या गल्लीत आमच्या वर्गातल्या मुली शाळा-शाळा खेळत होत्या. ओढणी साडीसारखी गुंडाळून एकजण दीदी झाली होती. “प... प... पानी...”
अंगावर काटा आला. चिडवतायत! पाय मागे वळले. पण कुणीच हसत नव्हतं. बाकीच्या हाताची घडी घालून, तिचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत होत्या. पुरं झालं तशी रामसखी उठली आणि आता आपली पाळी म्हणून तिची ओढणी ओढायला लागली — “बस, तुम्हाओ हो गओ! अब देविका दीदी हम बनहैं!”

त्याच दिवशी, घरी
“बाबा, बँक नको.” दोन्ही ‘ब’वर अडले. पण म्हटलं.