तुमच्या हाताला काही नव्हतं

प्रिय सुभद्रामावशी,

तुम्ही गेल्याचं मला परवा कळलं, तेही मंठ्याच्या बसस्टँडवर. शाळा सुटल्यावर मी जालन्याच्या गाडीची वाट बघत होते. एक बाई समोर येऊन म्हणाली, "ओळखलं का, मॅडम? मी रेखा. तुमच्या ओवीची मालिश करायला यायची ना, त्या सुभद्राबाईची लेक. इथंच दिली मला." तुम्ही कशा आहात, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आई गेली की. दोन महिने झाले."

त्यानंतर ती जे बोलली, त्यामुळं आज लिहायला बसले. तुम्ही असताना लिहिलं असतं तर रेखानं वाचून दाखवलं असतं. सहा वर्षं होती माझ्याकडं! एक चिठ्ठी लिहायला किती वेळ लागतो, मावशी?

ओवीला घेऊन मी माहेराहून जुन्या जालन्यात आले, तेव्हा ती तीन महिन्यांची होती. गल्लीतल्या निम्म्या लेकरांची मालिश तुमच्याकडंच. पाय लांब करून बसायचात, ओवीला पायांवर पालथी घालायचात आणि घरभराच्या कागाळ्या तिच्या कानात सांगायचात. ती तुमच्या पायांवर रडल्याचं मला एकदाही आठवत नाही.

पंधराएक दिवस झाले असतील. तुम्ही तिचा तळपाय उजेडाकडं धरून मला हाक मारलीत.

"ताई, हे बघा बरं. हे घामोळं न्हाई."

सासूबाई आतून म्हणाल्या, "उन्हाळा आहे, घामोळंच असणार. पावडर लाव."

तुम्ही आवाज खाली आणलात. "घामोळं मानेला येतं, पाठीला येतं. तळव्याला अन् बोटांच्या बेचक्यात अशा पुटकुळ्या आल्या की निराळं काही असतं. लेकरू पायावर पाय घासून राह्यलं, दिसतंय का? जल्दी डॉक्टरला दाखवा. तवर तेल बी नको लावायला."

दाखवलं का मी? नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून कुणाला न विचारता एक ट्यूब आणली. चार दिवस लाली उतरली. "बघा, गेलं की!" असं मी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात म्हटलंसुद्धा. पुढच्या आठवड्यात ते पोटावर आलं, काखेत आलं, कानामागं गेलं. एवढ्याशा जिवाला खाजवतासुद्धा येईना, अंग पिळवटून रडायची.

त्या सकाळी शेजारच्या दोघी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी बोलले. "मावशी, तुम्ही दहा घरी हात लावून येता. तुमच्याच हातानं आलं हे."

तुम्ही वाटी खाली ठेवलीत आणि दोन्ही हात माझ्यापुढं केलेत. "बघा, ताई. बोटं फाकवून बघा. एक फोड न्हाई मला."

मी बघितलं नाही. "उद्यापासून येऊ नका," एवढंच म्हणाले.

माझा संशय इतक्या सहज तुमच्यावरच का गेला? मला ठाऊक आहे, मावशी. सासूबाई तुमचा चहाचा कप वेगळा ठेवायच्या. मी शाळेत समतेचे धडे द्यायचे आणि घरी त्या कपाबद्दल चकार शब्द काढला नाही. तुम्हीही कधी काही म्हणाला नाहीत. का नाही म्हणालात?

दोन दिवसांनी ओवीला डॉक्टरांकडं नेलं. त्या बाईंनी तळवे पाहिले, बेचकी पाहिली आणि लगेच म्हणाल्या, "खरूज आहे. घरात आणखी कोणाला खाज येते?"

मी हात पदराखाली घेतले. त्यांनी ते बाहेर काढायला लावले. माझ्या बोटांच्या बेचक्यांत तसेच फोड होते! माहेरी असल्यापासून खाजत होतं, रात्री जास्तच. दुपटी धुऊन धुऊन साबण लागला असेल, असं मी धरून चालले होते. माझी धाकटी बहीण होस्टेलवरून आल्ती, महिनाभर आमच्यातच, एका पांघरुणात झोपायची. तीही सारखी खाजवायची.

"पण मालिशवाली बाई..." मी म्हणाले.

"कधीपासून येते? तिला खाज आहे?"

"महिना होत आला. नाही, खाज नाही तिला. मला मात्र माहेरी असल्यापासून आहे."

"मग खाज तिच्या आधीची आहे, तुमच्याकडची. उलट तुमच्याकडून तिला लागू शकते. पहिल्यांदा लागली तर खाज सुटायलाच महिना-दीड महिना जातो. तिलाही सांगा, आत्ता काही नसलं तरी औषध लावायचं म्हणून."

आम्ही सगळ्यांनी एकाच दिवशी क्रीम लावलं. मोठ्यांनी मानेपासून तळव्यापर्यंत; ओवीला डोक्याला, कानामागंही, फक्त डोळे आणि तोंड वाचवून. सकाळी अंघोळ, मग अंथरूण-पांघरूण, झबली, सगळं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकलं. आठवड्यानं पुन्हा तसंच. मेडिकलवाली ट्यूब डॉक्टरांनी बंद करायला लावली. तिनं वरची लाली दबली आणि आजार आत पसरत राहिला. खाज पुरती जायला तीन आठवडे लागले. बहिणीलाही मी फोन करून सगळं बराबर समजावून सांगितलं.

फक्त तुम्हाला सांगितलं नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणत राहिले. खरं तर त्या दोघींसमोर खोटं पडायची लाज वाटत होती. त्यांनी तुम्हाला बोलावणं बंद केलं, मग त्यांच्या ओळखीच्यांनी. एकदा भाजीच्या गाड्यापाशी तुम्ही दिसलात. मी रस्ता बदलला. पाहिलं होतं का मला?

आता रेखा काय म्हणाली ते लिहिते.

"त्याच वर्षी मी बाळंतपणाला आईकडं गेल्ते, मॅडम. तुमच्याकडचं काम सुटल्यावर महिन्याभरात आईच्या हाताला खाज सुटली. मंग माझ्या पोराला. लई हाल झाले त्याचे. आई म्हणायची, त्या ताई बराबर बोलल्या, माझ्याच हातात होतं. नंतर तिनं मालिशच सोडली. कुणी बोलवलं तरी न्हाई म्हणायची. नातवाला बी कधी तेल लावलं न्हाई तिनं."

मावशी, तुम्ही ते खरं मानलंत! ज्या बाईनं सगळ्यांआधी ओळखलं, तीच स्वतःला दोष देत राहिली. आमच्या घरानं तुम्हाला खरूज दिली आणि वर आळही घातला. एक निरोप धाडला असता तर तुमच्या नातवाचे हाल टळले असते.

तेव्हा तरी रेखाला सांगावं की नाही? गाडी लागली आणि मी चढले. खिडकीतून हात हलवला तिला. दुसऱ्यांदा पळाले.

तिसऱ्यांदा नाही, मावशी. तिनं घर सांगितलंय, मंठ्यातच, बुद्धविहाराच्या मागं. रविवारी जाणार आहे. तुमच्या नातवालाही समोर बसवून सांगेन की आजीच्या हातून तुला काही झालं नाही, माझ्यामुळं झालं. संध्याकाळी गल्लीतल्या त्या दोघींच्या दारात जाऊन हेच बोलेन, सासूबाईंना सोबत घेऊन. रेखानं दार लावून घेतलं तर तिचा हक्क आहे. मी बाहेर उभी राहून सांगेन, पण सांगितल्याशिवाय परतणार नाही.

तुमची अपराधी,
कल्पना
(ओवीची आई)