आधी लग्न

छत्रपती संभाजीनगर, कार्तिक वद्य पंचमी, सायंकाळ

नात मुक्ता हिच्या बुबुळांवरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येत आहे. नेत्रतज्ज्ञांनी बजावले आहे की उपचाराने वाढ थांबेल, परंतु गेलेली दृष्टी परतणार नाही, विलंब नको. आणि आमचे सुशिक्षित चिरंजीव म्हणतात, "अण्णा, आधी लग्न जमू द्या. डोळ्यांचं कळलं तर स्थळ हातचं जाईल."

आधी लग्न! नित्य सूर्योपासना चालते त्या घरात ही बुद्धी? दोष लपवून कन्यादान, ते कोणत्या शास्त्राने?

दुपारी मीच त्या स्थळाच्या मुलाच्या वडिलांना फोनवर सारे सांगितले. "बरं झालं, आधीच बोललात," म्हणून त्यांनी फोन ठेवला. चिरंजीवांनी माझ्याशी अबोला धरला आहे. मुक्ता मात्र येऊन विचारून गेली, "आजोबा, उद्या दवाखान्यात किती वाजता निघायचं?"