राख चोळलेल्या बिया

ओतिलिया,

तू झोपली आहेस म्हणून लिहून ठेवते. बोलायला गेले तर भांडणच होईल.

चुलीमागच्या मडक्यातल्या भोपळ्याच्या बिया तू काल भाजून पिपियानच्या रश्शात वाटून घातल्यास. अगं, राख चोळून ठेवलेली बी पेरायची असते, हे आपल्या गल्लीतल्या पोरीटोरींनाही कळतं! आणि तू ती राख चांगली तीन पाण्यांनी धुऊन काढलीस. धुताना तरी हात थांबायचा होता. आपल्या आईनं जपलेलं वाण ते; आता घरात त्याचा एक दाणा उरला नाही.

आणि कुणासाठी, तर एवारिस्तोसाठी! आठ महिने तुझी, स्वतःच्या बायकोची, विचारपूस नाही. काल टोपी काढून दारात उभा राहिला आणि तू लगेच चूल पेटवलीस. दोनदा वाढून घेतलं त्यानं. मीही जेवले. चव थेट आईच्या हातची होती, म्हणून तर जास्त राग आला.

सकाळच्या गाडीनं कासिल्दा मावशीकडे चालले आहे. आईनं तिला हेच बी दिलं होतं. जमिनीच्या वादावरून मी तिला नाही नाही ते बोलले, आता तिच्याच दारात ओंजळ पसरायची. उद्या संध्याकाळी येईन. कोंबड्यांना मका घाल.

तो आज पुन्हा येईल. त्याच्याबरोबर जायचं की नाही, तुझं तू ठरव. पण मी येईपर्यंत थांब. मावशीनं बी दिलंच, तर निम्मं तुझं. कुठल्याही अंगणात लाव, पण लाव.

ब्रिहिदा