माझ्या हातची काडतुसं

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. नोव्हाय गावातलं आपलं घर आई आता विकतेय. मार्चमध्ये ती म्हणाली, "बेसमेंट तूच क्लिअर कर. मला त्या वस्तूंना हात लावायचा नाही." म्हणून तुमच्या टेबलाशी जाऊन बसले, तेवीस वर्षांनी.

या टेबलावर तुम्ही मला काडतुसं भरायला शिकवलंत. मी नुकती नोकरीला लागले होते आणि रविवारी केवळ त्यासाठी घरी यायचे. बंदुकीच्या दारूची पावडर मोजायच्या यंत्राचा दांडा वर न्यायचा, खाली आणायचा, की काडतुसाच्या रिकाम्या कवचात माप पडतं. तुम्ही शेजारी उभे. "घाई नको. दर वेळी तोच वेग, तोच जोर. हात बदलला की वजन बदललं, वजन बदललं की गोळी वर-खाली गेली." अधूनमधून मी एखादं माप काट्यावर ठेवते, तुम्ही चष्मा वर करून बघता आणि "ठीक" म्हणता. आयुष्यभर इंजिनाचे भाग तपासलेल्या माणसाचं 'ठीक'. मला तेवढं पुरायचं.

मग क्लबची ती स्पर्धा. निशाण्याच्या कागदावर तुमच्या गोळ्या वरखाली विखुरल्या. तुम्ही रायफल खाली ठेवलीत आणि इंग्लिशमध्ये, सगळ्यांना कळावं म्हणून, म्हणालात, "माझ्या मुलीने भरलीत ही. तिला एक काम दोनदा सारखं करता येत नाही." लोक हसले. मीही हसले, त्याचा मला अजून राग येतो. त्यानंतर मी बेसमेंटमध्ये उतरले नाही. पुढे लॅबमध्ये प्रत्येक मोजणी तीन-तीनदा करत राहिले. लोक मला काटेकोर म्हणायचे. मी घाबरलेली होते.

खणात त्या स्पर्धेचे दोन डबे सापडले. दोन्हींवर तुमच्या अक्षरात तीच तारीख. एकावर 'मी', दुसऱ्यावर 'ती'. तुमचा डबा अर्धा रिकामा. माझ्या डब्याची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. त्या दिवशी तुम्ही माझं एकही काडतूस उडवलं नव्हतंत, बाबा.

मी एकेक काडतूस उघडून पावडर काट्यावर ठेवली. माझी मापं सगळी जवळजवळ सारखी. तुमचं एक कमी, तर पुढचं अख्ख्या ग्रेनने जास्त, आणि या कामात तेवढा फरक पुष्कळ. ते आकडे मांडलेला कागद घेऊन मी क्लबात गेले. तुम्हाला स्पर्धांना घेऊन जाणारा तुमचा मित्र तिथे अजून येतो. त्याने बराच वेळ कागद पाहिला. म्हणाला, "त्याचा हात तेव्हाच थरथरायला लागला होता. परत येताना गाडीत त्याने मला सांगितलं. मुलीला बोलू नकोस म्हणाला."

हे ऐकून राग उतरेल असं मला वाटलं होतं. उतरला नाही. आजार हाताला होता, जिभेला नव्हता.

नोटीस बोर्डावर तुमचा फोटो अजून आहे. त्याखाली मी तो कागद टाचला: दोन रकाने, स्पर्धेची तारीख, खाली माझी सही. "आता कशाला हे?" मित्राने विचारलं. मी म्हटलं, "ते सगळ्यांसमोर बोलले होते." याला तीन आठवडे झाले. कागद काढायला मी जाणार नाही.

हे आईलाही दाखवणार नाही. तुमच्यापर्यंत तर पोचायचंच नाही, म्हणून लिहिते. तुमच्या डब्यात तीन मापं फारच वाईट निघाली. ती मी कागदावर उतरवली नाहीत.